घटक १ : वर्षारंभापूर्वीची बेगमी – उन्हाळ्यातील पूर्वाभ्यास

१.० उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपल्याला :
• पूर्वाभ्यास आणि अभ्यासक्रम आधीच 'उरकणे' यांतील भेद सांगता येईल.
• विस्मरण व पुनरध्ययन यांविषयीचे दोन महत्त्वाचे प्रयोग समजून घेता येतील.
• मराठी विषयाच्या पदवी अभ्यासाला आधारभूत ठरणारी तीन कौशल्ये ओळखता येतील.
• उन्हाळ्यातील सहा आठवड्यांचे आपल्या परिस्थितीला मानवेल असे नियोजन करता येईल.

१.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, पावसाळ्यापूर्वी घरात धान्य, सरपण, पापड-कुरडया, मीठ-मिरची यांचा जो साठा केला जातो त्याला आपण 'बेगमी' म्हणतो. कोकणात आगोटीची बेगमी होते. गोव्यात तिला 'पुरुमेंत' असे पोर्तुगीज भाषेतून आलेले नाव आहे. 'बेगमी' हा शब्द फारसीतून मराठीत आला. त्यातील 'बे' म्हणजे 'विना' आणि 'गम' म्हणजे 'दुःख' किंवा 'चिंता'. निश्चिंतता हा या शब्दाचा मूळ अर्थ. निश्चिंत करणारा साठा हा त्याचा विस्तारलेला अर्थ. पावसाळ्यात लागणारी प्रत्येक वस्तू कोणी आधीच घरात आणून ठेवत नाही. झड लागली असता जी मिळणार नाही आणि जिच्यावाचून अडेल, तीच साठवली जाते.

शैक्षणिक वर्ष सुरू होण्यापूर्वी करावयाच्या अभ्यासाला हेच तत्त्व लागू पडते. दूरशिक्षणाने पदवी घेणारा विद्यार्थी बहुधा प्रौढ असतो. कोणी अंगणवाडीत काम करते, कोणी एसटीत वाहक असतो, कोणी शेती सांभाळतो, कोणी मुलांच्या शिक्षणासाठी थांबवलेले स्वतःचे शिक्षण पुन्हा सुरू करते. त्यांच्या वाट्याला शाळकरी मुलांसारखी उन्हाळ्याची सुट्टी येत नाही. उलट लग्नसराई, वाळवणे, पाणीटंचाई आणि पेरणीपूर्व मशागत यांमुळे हे दिवस कामाचेच असतात. असे असूनही हा काळ महत्त्वाचा आहे. पुढे पुस्तके हाती येतात त्याच सुमारास मुलांच्या शाळा उघडतात, पेरण्या सुरू होतात आणि काही आठवड्यांतच स्वाध्याय सादर करण्याच्या तारखा जवळ येऊ लागतात.

अशा वेळी पहिल्याच घटकात 'अघोष अल्पप्राण', 'भावे प्रयोग', 'सामान्यरूप' अशा संज्ञा एकापाठोपाठ येतात आणि वाचन अडखळते. दहा-पंधरा वर्षांनी पुस्तक हाती घेतलेला विद्यार्थी त्याचा दोष विषयाला देत नाही, स्वतःला देतो. 'आता आपल्याला अभ्यास झेपणार नाही' असा त्याचा समज होतो. प्रत्यक्षात त्याची बुद्धी कमी पडलेली नसते. पुस्तकाने गृहीत धरलेली पूर्वतयारी तेवढी त्याच्याजवळ नसते. ती उन्हाळ्यात कशी करावी, याचा विचार या घटकात केला आहे.

१.२ विषय-विवेचन

१.२.१ पूर्वाभ्यास म्हणजे काय?

पुढील वर्षाची पुस्तके मिळवून ती जूनपूर्वी वाचून संपवणे म्हणजे पूर्वाभ्यास, असा समज रूढ आहे. काही विद्यार्थी तर मागील वर्षांचे प्रश्नसंच आणून उत्तरे पाठ करण्यास प्रारंभ करतात. या दोन्ही मार्गांत धोका आहे. नेमलेली साहित्यकृती बदलू शकते आणि पाठ केलेले उत्तर निरुपयोगी ठरते. शिवाय ज्या संकल्पनांवर उत्तर उभे असते त्या कच्च्या असतील, तर प्रश्नाची भाषा थोडी बदलताच ते उत्तर कोसळते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ऑसुबेल यांनी १९६८ साली शैक्षणिक मानसशास्त्रावरील आपल्या ग्रंथात एक मूलभूत विचार मांडला. नवे शिकणे कितपत साधेल, हे शिकणाऱ्याला आधी काय ठाऊक आहे यावर सर्वाधिक अवलंबून असते, हा त्या विचाराचा आशय. नवी माहिती मनातील जुन्या माहितीला जोडली गेली तर ती अर्थपूर्ण होते. जोडण्यासाठी काहीच नसेल तर ती केवळ घोकली जाते.

यावरून पूर्वाभ्यासाची व्याख्या अशी करता येईल : *पुढील वर्षाचे अभ्याससाहित्य जे ज्ञान गृहीत धरते पण थांबून शिकवत नाही, ते ज्ञान आधी पक्के करून ठेवणे म्हणजे पूर्वाभ्यास होय.* मराठीच्या विद्यार्थ्यापुरते बोलायचे तर हे ज्ञान तीन प्रकारचे आहे : ध्वनींची ओळख, वाक्यरचनेची जाण आणि जुन्या मराठीचा परिचय. अभ्यासक्रमातील पाठ्यपुस्तके कोणतीही असोत, या तीन गोष्टी लागतातच.

१.२.२ विस्मरण, बचत आणि आठवण

'मे महिन्यात वाचलेले ऑगस्टपर्यंत विसरणारच. मग आधी वाचून उपयोग काय?' ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर शोधण्यासाठी दोन प्रयोग पाहू.

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली स्मरणाविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध केला. ते निरर्थक अक्षरगटांच्या याद्या पाठ करीत, ठरावीक कालावधीनंतर त्याच याद्या पुन्हा पाठ करीत आणि दुसऱ्या वेळी किती श्रम वाचले हे मोजत. या वाचलेल्या श्रमांना आपण 'बचत' म्हणू. एका दिवसानंतर ही बचत सुमारे एक-तृतीयांश होती; ३१ दिवसांनंतरही ती सुमारे एक-पंचमांश शिल्लक होती. विस्मरण प्रारंभी वेगाने होते आणि नंतर त्याचा वेग मंदावतो, हे यातून दिसून आले. आपल्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की जे आठवत नाही तेही पूर्णपणे पुसले गेलेले नसते. दुसऱ्यांदा शिकताना ते कमी श्रमात परत येते. एबिंगहाउस यांच्या याद्या अर्थहीन होत्या. अर्थ समजून शिकलेले तर त्याहून अधिक टिकते. म्हणून उन्हाळ्यातील अभ्यासाचे फळ 'सर्व लक्षात राहिले' असे नसून 'दुसऱ्यांदा लवकर समजले' असे असते.

दुसरा प्रयोग हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना छोटे गद्य उतारे वाचावयास दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला. काहींनी तो बाजूला ठेवून जेवढे आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुन्हा वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतलेल्या परीक्षांत मात्र आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकले. पुनर्वाचनाने आशय ओळखीचा वाटू लागतो आणि आपल्याला तो येतो असा भास होतो. पुस्तक मिटून आठवण्याचा प्रयत्न केला म्हणजेच तो खऱ्या अर्थाने टिकतो.

या दोन प्रयोगांतून पूर्वाभ्यासाचे दोन नियम निघतात. *एक* : थोडे शिकावे, मध्ये खंड पडू द्यावा आणि पुन्हा त्याकडे यावे. *दोन* : प्रत्येक बैठकीचा प्रारंभ मागील दिवसाचे आठवून लिहिण्याने करावा, आधी वही उघडू नये.

> स्वयं-अध्ययन प्रश्न – १
> १. 'बचत' या संज्ञेने एबिंगहाउस यांच्या प्रयोगात काय मोजले जाते?
> २. पुनर्वाचन करणाऱ्या विद्यार्थ्यांना पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेत मिळालेले यश फसवे का म्हणावे?

१.२.३ पहिली बेगमी : ध्वनींची ओळख

भाषाविज्ञानाचा अभ्यास बहुधा ध्वनीपासून सुरू होतो आणि अनेकांना तो प्रारंभीच रुक्ष वाटतो. वस्तुतः त्याचा मोठा भाग आपण बालपणी मुळाक्षरे शिकतानाच पाठ केला आहे. क, च, ट, त, प हे वर्ग उच्चारस्थानानुसार लावलेले आहेत : कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. म्हणजे वर्णमाला म्हणताना आपण घशापासून ओठांपर्यंत प्रवास करतो. प्रत्येक वर्गातील पाच वर्णांचा क्रमही ठरलेला आहे : अघोष अल्पप्राण, अघोष महाप्राण, घोष अल्पप्राण, घोष महाप्राण आणि नासिक्य. ज्याला 'प फ ब भ म' म्हणता येते, त्याला ही सारणी येतेच. केवळ तिची नावे ठाऊक नसतात.

ही नावे पाठ करण्यापेक्षा शरीराने तपासावीत. गळ्यावर बोटे ठेवून 'प' आणि 'ब' यांचे उच्चार करून पाहावेत. 'ब' म्हणताना जाणवणारे कंपन म्हणजेच घोषत्व. तोंडासमोर कागदाची पातळ पट्टी धरून 'प' नंतर 'फ' म्हणावे. मात्र 'फ' ओठ मिटून म्हणावा. हल्ली अनेकजण तो दात ओठावर टेकवून उच्चारतात. दुसऱ्या उच्चारात पट्टी अधिक हलते. ती अधिक हवा म्हणजेच महाप्राणत्व.

यानंतर मराठीच्या एका वैशिष्ट्याकडे वळावे. लेखनात 'च' एकच आहे, पण उच्चार दोन आहेत. 'चिमणी', 'चेंडू', 'चंद्र' यांतील 'च' तालव्य आहे. 'चूल', 'चोर', 'चारा' यांतील 'च' दंततालव्य आहे. 'ज' आणि 'झ' यांचेही तसेच. 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, हे शब्द एकसारखे लिहिले जातात, पण त्यांचे उच्चार वेगळे आहेत. 'चार' ही संख्या आणि गुरांना 'चार' ही आज्ञा यांतही हाच भेद आहे. केवळ एका ध्वनीच्या फरकाने अर्थ बदलणाऱ्या अशा जोडीला भाषाविज्ञानात 'लघुतम युग्म' म्हणतात. 'माझा' आणि 'माझी' हे शब्द सावकाश म्हणून पाहिल्यास पुढील स्वरामुळे 'झ' कसा बदलतो तेही कळते. इ, ई, ए या स्वरांपूर्वी हे वर्ण तालव्यच उच्चारले जातात.

आठवडाभर घरातील बोलणे ऐकत च, ज, झ असलेले पन्नास शब्द वहीत दोन रकान्यांत लिहावेत. स्वनिम ही संकल्पना पुढे पुस्तकात येईल तेव्हा तिची उदाहरणे आपल्या वहीत आधीच असतील.

१.२.४ दुसरी बेगमी : वाक्यरचनेची जाण

मराठी व्याकरणाची परंपरा समृद्ध आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे व्याकरण १८३६ साली आणि मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली प्रसिद्ध झाले. पदवीच्या वर्गात या ग्रंथांची चर्चा होते तेव्हा प्रयोगविचार विद्यार्थ्याला येतो असे गृहीत धरलेले असते. शाळेत पाठ केलेल्या व्याख्या बहुतेकांना अंधूक आठवतात. त्या पुन्हा पाठ करू नयेत. वाक्ये बदलून पाहावीत.

'मुलगा आंबा खातो' आणि 'मुलगी आंबा खाते' : कर्ता बदलताच क्रियापद बदलले, हा कर्तरी प्रयोग. 'मुलाने आंबा खाल्ला' आणि 'मुलाने कैरी खाल्ली' : येथे कर्म बदलताच क्रियापद बदलले, हा कर्मणी प्रयोग. 'शिपायाने चोराला पकडले' आणि 'शिपायांनी चोरांना पकडले' : दोन्ही बदलले तरी क्रियापद तसेच राहिले, हा भावे प्रयोग.

आता 'मी कैरी खाल्ली' हे वाक्य घ्या. 'मी' ला 'ने' प्रत्यय नाही म्हणून अनेकजण याला कर्तरी म्हणतात. 'कैरी' च्या जागी 'आंबा' ठेवून पाहावा. 'मी आंबा खाल्ला' असे होते. क्रियापद कर्माप्रमाणे बदलले. तेव्हा प्रयोग कर्मणी. 'तू कैरी खाल्लीस' येथे क्रियापद कर्माचे लिंग-वचन घेते आणि अंती 'स' लावून कर्त्याचा पुरुषही दाखवते. म्हणून परंपरेने त्याला कर्तृ-कर्म संकर म्हटले आहे. उलट 'ती धडा शिकली' या वाक्यात कर्म असूनही क्रियापद कर्त्यामागे जाते. 'शिकणे', 'विसरणे', 'बोलणे' अशा काही क्रियापदांची भूतकाळातील चाल इतर सकर्मक क्रियापदांहून वेगळी आहे.

येथे आपली बोली हे उत्तम साधन आहे. वऱ्हाडी-नागपुरी भागातील विद्यार्थी 'जेवून राहिलो' असे म्हणतो तेव्हा प्रमाण मराठीतील 'जेवत आहे' हाच क्रियेचा चालूपणा तो वेगळ्या रचनेने व्यक्त करतो. अहिराणी बोलणारा 'माले' म्हणतो. प्रमाण मराठीत तेथे 'मला' येते. आपली बोली ही अशुद्ध मराठी नसून स्वतःचे नियम असलेली व्यवस्था आहे. घरातील दहा वाक्ये लिहून त्यांसमोर प्रमाण मराठीतील वाक्ये ठेवावीत आणि नेमके काय बदलले – शब्द, प्रत्यय की क्रम – याची नोंद करावी. ही वही पुढे बोलीविज्ञानाच्या अभ्यासात उपयोगी पडते.

१.२.५ तिसरी बेगमी : जुन्या मराठीचा परिचय

तेराव्या शतकातील 'लीळाचरित्र' आणि १२९० साली सिद्ध झालेली 'ज्ञानेश्वरी' यांच्याशी मराठीच्या विद्यार्थ्याची गाठ कधीतरी पडतेच. त्या वेळी अनेकजण मूळ ग्रंथ बाजूला ठेवून केवळ त्यावरील टिपणे वाचतात. मूळ भाषेची भीती हे त्याचे कारण आहे. ही भीती बरीचशी काही थोड्या रूपांच्या अपरिचयातून येते. पुढील रूपे ओळखीची झाली तर वाचनातील निम्मा अडथळा दूर होतो.

• 'म्हणौनि', 'करूनि', 'येऊनि' : आजचे म्हणून, करून, येऊन.
• 'काइ', 'जालें', 'आइकणें' : आजचे काय, झाले, ऐकणे.
• शब्दाला जोडून येणारे 'चि' : आजचे जोर देणारे 'च'.
• 'जैसें... तैसें', 'जेथ... तेथ' : आजचे जसे-तसे, जेथे-तेथे. 'ज्ञानेश्वरी'त 'जैसें' ने दृष्टान्त उघडतो आणि 'तैसें' ने तो मूळ विचाराशी जोडला जातो. अनेक ओव्या एकामागून एक दृष्टान्तांच्या असल्या तर 'तैसें' कोठे येते ते आधी शोधावे; अर्थाचे सूत्र हाती लागते.
• 'कीजे', 'देखिजे', 'बोलिजे' : केले जाते, पाहिले जाते, बोलले जाते.

शेवटच्या गटातील एक रूप आपण आजही रोज वापरतो : 'पाहिजे'. ते मुळात 'पाहणे' या धातूचे असेच कर्मणी रूप आहे. म्हणूनच 'मला पुस्तक पाहिजे', 'मला पुस्तके पाहिजेत' अशा वाक्यांत माणूस 'मला' या रूपात येतो आणि क्रियापद वस्तूच्या वचनाप्रमाणे चालते. सातशे वर्षांपूर्वीचे व्याकरण असे आपल्या तोंडी जिवंत आहे. 'घरी', 'दारी', 'गावी' ही सप्तमीची रूपेही त्याच जुन्या परंपरेतील आहेत.

अपरिचित शब्दांपेक्षा परिचित दिसणारे शब्द अधिक फसवतात. जुन्या मराठीत 'सांडणे' म्हणजे टाकून देणे, सोडणे. 'पुसणे' म्हणजे विचारणे. 'कीर' म्हणजे खरोखर. आजचा अर्थ – पाणी सांडणे, फळा पुसणे, पोपट – तेथे लावला तर ओवीचा अर्थ बिघडतो. असे शब्द वेगळ्या पानावर लिहीत जावे. शब्द अडला तर मोल्सवर्थचा कोश पाहावा. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची असून तीत आज वापरात नसलेले पुष्कळ शब्द सापडतात.

वाचन मोठ्याने करावे. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात आणि चौथा आखूड व मोकळा असतो. चरणाच्या शेवटी थांबत वाचले तर अन्वय सुचू लागतो. ज्यांच्या घरी किंवा गावात पारायण होते, हरिपाठ म्हटला जातो, त्यांच्या कानांत ही भाषा आधीच आहे. शाळकरी विद्यार्थ्यापेक्षा प्रौढ विद्यार्थी येथे पुढे असतो, ही गोष्ट त्याने विसरू नये. 'लीळाचरित्रा'ची वाक्ये छोटी आणि संवादी आहेत. गद्याची ओळख तेथून करावी. रोज एक लीळा वाचून तिचा आशय आजच्या मराठीत चार-पाच वाक्यांत, पुस्तक मिटून लिहावा.

> स्वयं-अध्ययन प्रश्न – २
> १. 'तू भाकरी खाल्लीस' या वाक्यातील क्रियापद कोणाकोणाशी जुळते?
> २. 'पाहिजे' हे रूप जुन्या मराठीतील कोणत्या रूपांच्या गटात बसते?
> ३. 'जुनी कल्पना सांडणे' आणि 'पाणी सांडणे' यांतील 'सांडणे' चा अर्थभेद सांगा.

१.२.६ सहा आठवड्यांचे नियोजन

रोज ४० मिनिटे, आठवड्यातून ५ दिवस, असे ६ आठवडे अभ्यास केल्यास ३० बैठका आणि २० तास होतात. मेच्या प्रारंभी सुरुवात केल्यास मृगाच्या पावसाच्या सुमारास ही बेगमी पूर्ण होते. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाचा विचार करता पहाटेची वेळ उत्तम. ते शक्य नसेल तर रात्रीचे जेवण आटोपल्यावर बसावे. वेळ कोणतीही असो, ती रोज एकच असावी.

• पहिला आठवडा (५ बैठका) : ध्वनी, वर्णमालेची सारणी, च-ज-झ यांची शब्दयादी.
• दुसरा आठवडा (५ बैठका) : प्रयोग, वाक्ये बदलून पाहणे, बोली आणि प्रमाण यांची तुलना.
• तिसरा ते पाचवा आठवडा (१५ बैठका) : जुन्या मराठीचे वाचन, प्रथम गद्य, नंतर ओवी.
• सहावा आठवडा (५ बैठका) : नवे काही न घेता सर्वांची उजळणी, तीही वही मिटून.

प्रत्येक बैठकीतील पहिली १० मिनिटे मागील भाग आठवून लिहिण्यासाठी, पुढील २० मिनिटे नव्या भागासाठी आणि शेवटची १० मिनिटे त्याविषयी स्वतःच्या शब्दांत लिहिण्यासाठी ठेवावीत. रोज अर्धे पान लिहिण्याची सवय ही आणखी एक बेगमी आहे. परीक्षेत वेळ अपुरा पडतो त्याचे एक कारण बरेचदा असे असते, की वर्षानुवर्षे हाताने सलग लिहिलेलेच नसते.

घरात लग्न निघाले, कोणी आजारी पडले, कामावर जादा पाळी लागली, तर आठवडे कमी होतील. अशा वेळी काय सोडावे? दोनच आठवडे मिळाले तर ते जुन्या मराठीला द्यावेत. ध्वनींची सारणी किंवा प्रयोगांचे नियम वर्ष सुरू झाल्यावरही काही दिवसांत आत्मसात करता येतात. जुन्या भाषेला सरावणारा कान मात्र सावकाशच तयार होतो. तो परीक्षेच्या आदल्या आठवड्यात घाईने मिळवता येत नाही. जे घाईने मिळत नाही त्याचीच बेगमी आधी करावी.

खंड पडला तरी अभ्यास वाया गेला असे मानू नये. एबिंगहाउस यांच्या प्रयोगाने दाखवलेली बचत येथेच कामी येते. आठ दिवसांनी वही उघडल्यावर काहीच आठवत नाही असे वाटले, तरी दुसरे वाचन पहिल्यापेक्षा कमी वेळात होते. हे घड्याळ लावून पाहावे; अनुभव आल्यावर विश्वास बसतो.

१.३ सारांश

पूर्वाभ्यास म्हणजे पुढील वर्षाची पुस्तके आधी उरकणे नव्हे. ती पुस्तके जे गृहीत धरतात ते पक्के करणे होय. मराठीच्या विद्यार्थ्यासाठी ध्वनींची ओळख, वाक्यरचनेची जाण आणि जुन्या मराठीचा परिचय ही तीन आधारभूत कौशल्ये आहेत. विस्मरण अटळ असले तरी पुनरध्ययनात श्रमांची बचत होते आणि पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून लिहिणे अधिक टिकाऊ ठरते. २० तासांच्या मर्यादित नियोजनातही ही तयारी शक्य आहे. वेळ कमी असल्यास सावकाश साधणाऱ्या कौशल्याला प्राधान्य द्यावे. वर्षाच्या पहिल्या घटकात ओळखीची संज्ञा भेटली, की 'आपल्याला हे येते' असे मनाशी म्हणता येते. अनेक वर्षांनी शिक्षणाकडे परतलेल्या विद्यार्थ्याला पुढचे पान उलटण्याचे बळ त्यातून मिळते.

१.४ पारिभाषिक शब्द

• पूर्वाभ्यास : नियमित अध्ययनापूर्वी केलेली आधारभूत तयारी.
• पुनरध्ययन : एकदा शिकलेले पुन्हा शिकणे.
• घोषत्व : उच्चाराच्या वेळी स्वरतंतूंचे कंपन होणे.
• लघुतम युग्म : एकाच ध्वनीच्या फरकाने भिन्न अर्थ देणारी शब्दांची जोडी.
• अन्वय : पद्यातील शब्दांची गद्यक्रमाने केलेली मांडणी.

१.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

*प्रश्न – १* : (१) तीच यादी दुसऱ्यांदा पाठ करताना वाचलेले श्रम. (२) कारण ते ताज्या ओळखीवर आधारलेले होते. आठवड्यानंतर आठवून लिहिणारे विद्यार्थी पुढे गेले.

*प्रश्न – २* : (१) लिंग-वचनाने कर्माशी (भाकरी) आणि अंत्य 'स' मुळे पुरुषाने कर्त्याशी (तू). (२) 'कीजे', 'देखिजे' यांसारख्या कर्मणी रूपांच्या गटात. (३) पहिल्यात टाकून देणे, सोडणे हा जुना अर्थ. दुसऱ्यात ओतले जाऊन वाया जाणे हा आजचा अर्थ.

१.६ सरावासाठी स्वाध्याय

१. 'पूर्वाभ्यास' आणि 'अभ्यासक्रम आधी उरकणे' यांतील फरक आपल्या अनुभवातील एका उदाहरणाने स्पष्ट करा.
२. आपल्या बोलीतील दहा वाक्ये लिहून प्रमाण मराठीशी त्यांची ध्वनी, प्रत्यय आणि रचना या तीन पातळ्यांवर तुलना करा.
३. 'लीळाचरित्रा'तील कोणतीही एक लीळा दोनदा वाचा. पुस्तक मिटून तिचा आशय लिहा. आठ दिवसांनी तीच लीळा न वाचता पुन्हा लिहा आणि दोन्ही लेखनांची तुलना करा.
४. आपल्या घरातील व कामावरील जबाबदाऱ्या लक्षात घेऊन २० तासांच्या पूर्वाभ्यासाचे वेळापत्रक तयार करा. ते अर्ध्यावर आणावे लागले तर काय सोडाल आणि का, हे समंत्रकांशी पहिल्या संपर्कसत्रात चर्चा करून निश्चित करा.